हात न लावता

नेस्पेरेन्नुबच्या डोक्याला मागच्या बाजूने मातीचं एक भांडं चिकटलेलं आहे. न भाजलेलं, ओबडधोबड, घाईत थापल्यासारखं. इजिप्तमधल्या कर्नाकच्या मंदिरात खोन्सू या चंद्रदेवाची सेवा करणारा हा पुजारी इसवी सनापूर्वी ८००च्या सुमारास वारला. देह टिकवण्याचं काम करणाऱ्यांनी त्याच्या डोक्याला राळ लावली, तेव्हा ओघळ धरायला त्यांनी खाली हे भांडं ठेवलं असावं. राळ गोठली, भांडं घट्ट बसलं, निघेना. मग तसंच ठेवून वरून कापडाच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि शवपेटीचं झाकण लागलं. घरच्यांना यातलं काही कळलं नसणार. पुढची जवळजवळ अठ्ठावीसशे वर्षं ते कुणालाच कळलं नाही.

विसाव्या शतकात या ममीचे साधे एक्स-रे काढले, तेव्हा कवटीमागे काहीतरी गोल दिसलं. ती पुजाऱ्याच्या जन्माच्या वेळची वार जपून ठेवली असावी, असाही तर्क लढवला गेला. उलगडा झाला तो लंडनच्या एका रुग्णालयातल्या सीटी स्कॅनरमध्ये. देहाच्या दीड हजारांहून अधिक आडव्या चकत्यांची चित्रं निघाली, संगणकाने ती एकावर एक रचली आणि भांड्याची कड, जाडी, आतली पोकळी पडद्यावर उभी राहिली. डोळ्यांच्या खोबणीत बसवलेले कृत्रिम डोळे, कपाळावरचा सर्पाच्या आकाराचा ताईत, डाव्या डोळ्याच्या वर कवटीला पडलेलं बारीक भोक, सगळं दिसलं. कापडाचा एक धागाही हलला नव्हता.

ब्रिटिश म्युझियममधल्या या ममीचं प्रदर्शन मुंबईकरांनी पाहिलेलं आहे. नोव्हेंबर २०१२ ते मार्च २०१३ या काळात ते छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात भरलं होतं. त्रिमिती चष्मा लावून प्रेक्षक चित्रपट पाहत, कॅमेरा पट्ट्यांच्या आत शिरे, बरगड्यांमधून जाई, आणि मग बाहेरच्या दालनात तोच नेस्पेरेन्नुब आपल्या रंगीत पेटीत निवांत पडलेला असे. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवण्यात मोठा विचार होता, असं मला वाटतं. पाहून झालं, समजून झालं, आणि माणूस तसाच राहिला.

याचं मोल कळायला दोनशे वर्षं मागे जावं लागतं. १८३०च्या दशकात लंडनमध्ये थॉमस पेटिग्र्यू नावाचा शल्यचिकित्सक तिकीट लावून लोकांसमोर ममी सोडायचा. कात्री चालायची, थरामागून थर निघायचे, ताईत हातोहात फिरायचे. पेटिग्र्यू अभ्यासू होता, त्याने लिहिलंही चांगलं. पण ज्या क्रमाने पट्ट्या गुंडाळल्या होत्या तो क्रम, थरांमधल्या वस्तूंच्या जागा, हे सगळं एका संध्याकाळीत कायमचं संपायचं. उत्खननाचंही तसंच आहे. खणलेला थर परत घालता येत नाही, म्हणून पुरातत्त्वात नोंद हेच निम्मं काम असतं. ज्याने नोंद नीट ठेवली नाही, त्याने जागा लुटली, एवढं कठोर बोलायला हरकत नाही.

पहिला आमेनहोतेप हा राजा या कात्रीतून वाचला. १८८१ साली देर अल-बहरीच्या लपवलेल्या थडग्यात इतर राजांबरोबर त्याची ममी मिळाली. देहावर फुलांच्या माळा, चेहऱ्यावर रंगवलेला सुंदर मुखवटा. ते सौंदर्य मोडायला नको म्हणून तेव्हाचे पुराणवस्तू खात्याचे प्रमुख गास्ताँ मास्पेरो यांनी तिला हात लावू दिला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये कैरो विद्यापीठातल्या क्ष-किरणतज्ज्ञ सहर सलीम आणि पुरातत्त्वज्ञ झाही हवास यांनी तिच्या सीटी स्कॅनचा अभ्यास प्रसिद्ध केला. वारला तेव्हा राजा पस्तीस वर्षांचा असावा, उंची १६९ सेंटिमीटर. अंगावर तीस ताईत आणि ३४ सोन्याच्या मण्यांचा कमरपट्टा. पुढच्या काळातल्या पुजाऱ्यांनी जुन्या राजांचे देह पुन्हा गुंडाळले ते त्यांचे दागिने काढून घेण्यासाठी, असा संशय सलीम यांनाही होता. निदान या राजाच्या बाबतीत तो खोटा ठरला. चोरांनी मोडलेलं अंग पुजाऱ्यांनी राळेने सांधलं होतं, ताईत जागच्या जागी ठेवले होते. तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांवरचा आळ एका स्कॅनने उतरला. हे काम इजिप्तच्या लोकांनी इजिप्तमध्ये केलं, याचा मला विशेष आनंद आहे.

सीटी स्कॅनर आज वाशी-नेरुळच्या साध्या रुग्णालयातही असतो. यंत्र तेच, तत्त्व तेच. क्ष-किरण सगळ्या बाजूंनी फिरतात, हाड, मांस, राळ आणि सोनं त्यांना वेगवेगळं अडवतात आणि त्या फरकातून चित्र तयार होतं.

सप्टेंबर २०१८ मध्ये रिओ दि जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय एका रात्रीत जळालं. त्यात शा-अमुन-एन-सू या देवळातल्या गायिकेची ममी होती. इजिप्तच्या राज्यकर्त्याने १८७६ साली ब्राझीलच्या सम्राटाला भेट दिलेली ही शवपेटी कुणी कधीच उघडली नव्हती. आगीत पेटीही गेली आणि गायिकाही. पण आधीच्या वर्षांत तिचे स्कॅन झाले होते, आणि आज तिच्याबद्दल जे काही शिकता येतं ते त्या फाइलींमधून. फाइल म्हणजे ती बाई नव्हे, हे खरंच. पण फाइल नसती, तर काय उरलं असतं?

असा प्रसंग पूर्वी एका अख्ख्या प्रदेशावर आला होता आणि त्या वेळच्या बचावकामाला भारताचाही हात लागला होता. आस्वानच्या उंच धरणाने नुबियाची खोरी बुडणार हे ठरलं तेव्हा युनेस्कोने जगाला हाक दिली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं पथक ब. बा. लाल यांच्या नेतृत्वाखाली १९६१-६२च्या हंगामात तिथे गेलं आणि अफयेह इथे त्याने एका फार प्राचीन वस्तीचं उत्खनन केलं. आज ते ठिकाण नासर सरोवराच्या पाण्याखाली आहे. आराखडे, छायाचित्रं, वह्या आणि उचलून आणलेल्या वस्तू हीच आता त्या जागेची सगळी मालमत्ता. अबू सिंबलची देवळं कापून वर नेली तीही आधी छायाचित्रांवरून इंचाइंचाची मापं घेतल्यानंतर. एकाच वस्तूची वेगवेगळ्या कोनांतून चित्रं घ्यायची आणि त्यांवरून तिचा आकार काढायचा, ही पद्धत तेव्हा अवजड कॅमेऱ्यांनी आणि कागदावर चालत असे. आज तीच मोबाइलच्या कॅमेऱ्याने आणि ड्रोनने होते. एकमेकांवर येणारी शे-दोनशे छायाचित्रं घेतली की संगणक त्यांतले सामाईक बिंदू शोधतो आणि दगड पडद्यावर फिरवून दाखवतो.

या पद्धतीचा सर्वांत देखणा नमुना लक्सरजवळ आहे. तुतनखामूनच्या थडग्यात माणसं गेली की श्वासाची वाफ आणि उष्णता भिंतींवरच्या रंगांना बाधते. फाक्तुम आर्ते या माद्रिदच्या संस्थेने त्या भिंती केसाएवढ्या बारकाईने स्कॅन केल्या आणि २०१४ मध्ये, हे थडगं शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरच्या घराजवळ, थडग्याची हुबेहूब प्रत उभी केली. कार्टरच्या माणसांनी आतल्या सोनेरी मखरांपर्यंत पोचण्यासाठी एका चितारलेल्या भिंतीचा भाग फोडला होता. हॅरी बर्टनच्या जुन्या छायाचित्रांवरून तो तुकडाही नव्याने घडवून प्रतीशेजारी ठेवला आहे, म्हणजे मूळ थडग्यात नसलेली गोष्ट प्रतीपाशी पाहायला मिळते. पुढे लक्सरच्याच तरुणांना स्कॅनिंग शिकवून सेती राजाच्या थडग्याचं काम त्यांच्या हाती दिलं गेलं. आपल्याकडे नाशिकच्या प्रसाद पवार यांनी अजिंठ्याच्या अंधुक उजेडात वर्षानुवर्षं छायाचित्रं घेऊन चित्रांची डिजिटल दुरुस्ती चालवली, तीही याच जातीची तळमळ.

आता पिरॅमिड. दगडाचा एवढा डोंगर कोणत्या स्कॅनरमध्ये मावणार? त्यासाठी आकाशातून येणारे किरण वापरावे लागतात, आणि या गोष्टीचा एक धागा मुंबईतून जातो.

अवकाशातून येणारे वेगवान कण वातावरणावर आदळले की त्यांतून म्युऑन नावाचे कण तयार होतात. आत्ता हे वाचताना तुमच्या तळहातातून दर सेकंदाला एखाददुसरा म्युऑन आरपार जातो आहे. दगडातूनही ते जातात, पण जितका दगड जास्त तितके वाटेत अडतात. तेव्हा पिरॅमिडच्या पोटात बसून कुठल्या दिशेने किती म्युऑन आले हे महिनोन्‌महिने मोजत राहिलं, की जिथून अपेक्षेपेक्षा जास्त आले तिथे दगड कमी, म्हणजे पोकळी आहे, असं समजायचं. ही कल्पना लुईस अल्वारेझ या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकाच्या शेवटी खाफ्रेच्या पिरॅमिडमध्ये वापरली. लपलेलं दालन मिळालं नाही, पण तपासलेल्या भागात ते नाही, हे छातीठोक सांगता आलं.

दगडाखाली म्युऑन किती उरतात हे मोजण्याचं काम त्याही आधी भारतात सुरू झालं होतं. मुंबईत होमी भाभांनी उभ्या केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे तरुण शास्त्रज्ञ बी. व्ही. श्रीकंटन १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कोलारच्या सोन्याच्या खाणीत उपकरणं घेऊन उतरले, आणि खोली वाढत जाते तसे कण कसे घटतात याच्या नोंदी त्यांनी केल्या. याच खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल, १९६५ साली भारतीय, जपानी आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांना वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनोंची पहिली चाहूल लागली. कोलारला खाणीत उतरणाऱ्यांच्या डोक्यात पिरॅमिड नव्हता. पण खडक आणि म्युऑन यांचा हिशोब मांडणाऱ्यांत मुंबईची माणसं पहिल्या फळीत होती, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवं.

२०१५च्या ऑक्टोबरमध्ये कैरो विद्यापीठ आणि एका फ्रेंच संस्थेने ‘स्कॅनपिरॅमिड्स’ हा प्रकल्प सुरू केला. जपानच्या नागोया विद्यापीठाने खुफूच्या पिरॅमिडमध्ये राणीच्या म्हटल्या जाणाऱ्या दालनात छायाचित्रणाच्या फिल्मसारख्या रसायनी पट्ट्या ठेवल्या, त्यांवर म्युऑननी सोडलेले माग सूक्ष्मदर्शकाने वाचले. आणखी दोन पथकांनी वेगळ्या उपकरणांनी तेच मोजलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिघांचंही एकमत जाहीर झालं: मोठ्या चढत्या दालनाच्या वर किमान तीस मीटर लांबीची पोकळी आहे. ती कशासाठी ठेवली यावर अजून वाद आहे. मार्च २०२३ मध्ये मात्र दुसरी एक पोकळी डोळ्यांनी दिसली. उत्तरेच्या बाजूला उलट्या ‘व्ही’सारख्या रचलेल्या दगडांमागे नऊ मीटरचा एक बोळ असल्याचं म्युऑननी सांगितलं होतं, तिथल्या दोन दगडांच्या सांध्यातून बारीक नळीचा कॅमेरा आत सरकवला आणि वरच्या बाजूला दोन्हीकडून टेकत आलेले, न घासलेले दगड पडद्यावर उजळले. साडेचार हजार वर्षांत तिथे कुणी पाहिलं नव्हतं. दगडाला पहार लावावी लागली नाही.

संगणक आणि इजिप्त यांची ओळख तशी जुनी आहे. १९६६ साली रे विनफिल्ड स्मिथ या अमेरिकी गृहस्थाने अखेनातेन या फाराओच्या मोडून टाकलेल्या देवळांचे दगड जुळवायला घेतले. पस्तीस हजारांच्या आसपास सुटे चितारलेले ठोकळे, प्रत्येकाचं छायाचित्र, आणि कोणाचा हात कोणाच्या खांद्याला जुळतो हे शोधायला आयबीएमचा त्या काळचा अजस्र संगणक. लिपीला मात्र खूप थांबावं लागलं. युनिकोडमध्ये इजिप्तची चित्रलिपी २००९ साली आली, १०७१ चिन्हांसह. चिन्हं आली तरी ती ओळीत सरळ मांडून भागत नव्हतं. आपल्या जोडाक्षरांसारखी ती एकमेकांच्या वर, खाली, पोटात बसतात, आणि ती रचना लिहिण्याची सोय पुढे १० वर्षांनी झाली. आपली मोडी युनिकोडमध्ये आली २०१४ साली, म्हणजे फाराओंच्या लिपीनंतर पाच वर्षांनी. पेशवे दप्तरातल्या रुमालांमध्ये अजून न वाचलेले कागद आहेत. मोडी वाचणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरण्याआधी तिचे नमुने संगणकाला भरपूर आणि खुलेपणाने मिळाले, तरच यंत्र तिला वाचायला शिकेल.

खुलेपणाचा प्रश्न इजिप्तच्या बाबतीतही पेटला होता. बर्लिनमधल्या राणी नेफर्तितीच्या अर्धपुतळ्याचा उत्तम त्रिमिती स्कॅन संग्रहालयाकडे होता, पण तो कुणाला मिळत नव्हता. कॉस्मो वेनमन नावाच्या कलाकाराने माहितीच्या अधिकाराखाली काही वर्षं पाठपुरावा केला आणि २०१९ साली ती फाइल लोकांसमोर आली. मूर्ती परदेशात, तिची मापंही परदेशात कुलपात, हे कैरोतल्या विद्यार्थ्याने का सोसावं? स्कॅन ज्याच्या वारशाचा, त्याला तो विनाअट मिळालाच पाहिजे.

हे सगळं नवी मुंबईत बसून लिहिण्यामागे कारण आहे. ऐरोली, रबाळे, महापे इथल्या डेटा सेंटरांमध्ये जगभरची माहिती साठते. समोर खाडीच्या तोंडाशी, उरण तालुक्यात, घारापुरी बेट आहे. लेण्यांसाठी लाँचा भरून माणसं जातात, किनाऱ्याकडे कुणी बघत नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सागरी पुरातत्त्वज्ञांना या बेटावर भूमध्य समुद्राकडच्या मद्यकुंभांचे, म्हणजे अम्फोरांचे, तुकडे मिळालेले आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तिकडचा माल अलेक्झांड्रियाहून नाईलने वर, तिथून उंटांवरून वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावर आणि मग मोसमी वाऱ्यावर आपल्याकडे येत असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरं नावाने आहेत. कल्याणला ग्रीक जहाज चुकून लागलं तर ते पहाऱ्यात भडोचला नेतात, अशी तक्रारही त्याने करून ठेवली आहे.

त्या वाटेचं दुसरं टोक म्हणजे तांबड्या समुद्रावरचं बेरेनिके. १९९४ पासून तिथे उत्खनन चालू आहे. पोलिश आणि अमेरिकी पथकाने वाळूखालच्या भिंती चुंबकीय सर्वेक्षणाने आधी नकाशावर आणल्या आणि मग ठरवून खणलं. सेरापिसच्या देवळाच्या आवारात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी मिळाली. सागवान मिळालं. २०२२ मध्ये इसिसच्या देवळासमोर ७१ सेंटिमीटर उंचीची संगमरवरी बुद्धमूर्ती निघाली, आणि त्याच देवळात सातवाहनांची दोन नाणी. पैठण-जुन्नरच्या राज्याची नाणी इजिप्तच्या देवळात! इकडे कार्ले-जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानाचे लेख आहेत. दोन्हीकडच्या नोंदी एकमेकींसमोर ठेवल्याशिवाय यातलं एकही पान पुरतं वाचता येणार नाही.

नोंद किती बारीक हवी, याचा धडा रॉबर्टा टॉम्बर या ब्रिटिश मृत्पात्रतज्ज्ञ बाईंनी दिला. भारतातल्या संग्रहांमध्ये ‘रोमन अम्फोरा’ म्हणून ठेवलेले तुकडे त्यांनी एकेक करून हातात घेऊन पाहिले. त्यांतले पुष्कळसे रोमन नव्हतेच, इराककडच्या उभट निमुळत्या कुंभांचे होते. खऱ्या इटालियन तुकड्याच्या ताज्या फुटलेल्या कडेत भिंगाखाली काळी चमकदार रेती दिसते, नेपल्सच्या आखाताजवळच्या ज्वालामुखीची. तसे तुकडे बेरेनिकेलाही मिळतात. म्हणजे कडेचं एक स्वच्छ, मोठं करून घेतलेलं छायाचित्र हाताशी असेल तर घारापुरीची खापरी बेरेनिकेच्या खापरीशी घरबसल्या ताडून पाहता येते.

आणि इथे वेळ फार नाही. सिडकोने हे शहर ९५ गावांच्या जमिनीवर वसवलं. विमानतळासाठी उलव्याची टेकडी उतरवली, नदीचा प्रवाह वळवला. भराव, बंदरं, पूल, रस्ते यांनी ही किनारपट्टी पन्नास वर्षांत जितकी बदलली, तितकी आधीच्या कैक शतकांत बदलली नसेल. विकासाला माझा विरोध नाही, मी त्याच्याच एका सेक्टरमध्ये राहतो. पण नुबिया बुडण्याआधी जगाने जे केलं, त्याचा लहानसा वाटा आपण आपल्या खाडीसाठी उचलायला हवा: जेसीबी लागण्याआधी कॅमेरा लागला पाहिजे. पुण्याच्या सी-डॅकमध्ये संग्रहालयांसाठी ‘जतन’ ही प्रणाली दिनेश कात्रे यांच्या गटाने कधीच तयार केली आहे, देशातली मोठी संग्रहालयं ती वापरतात. साधनं परकी राहिलेली नाहीत.

सुरुवात घारापुरीपासून करता येईल. बेटावर वीज आली तीच २०१८ साली, समुद्राखालून केबल टाकून. आता तिथे फोन चार्ज होतो, रेंज येते. काही उचलायचं नाही, खणायचं नाही. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या किनाऱ्याचे फोटो एका ठरलेल्या पट्टीने पुढे सरकत घ्यायचे, प्रत्येक खापरी आहे तिथेच मोजपट्टी ठेवून टिपायची, तिच्या जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवायचे आणि पावसाळा सरला की पुन्हा तेच करायचं. यासाठी परवानगी आणि देखरेख पुरातत्त्व सर्वेक्षणाची लागेल. माणसं मात्र लक्सरसारखी तिथलीच हवीत: शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन वाड्यांमधली, ज्यांना कुठल्या भरतीला कुठला दगड उघडा पडतो हे विचारावं लागत नाही.